दाण्यातलं अंतर आणि रोपातलं अंतर

माझे मामेसासरे औसा तालुक्यात सोयाबीन आणि तूर करतात. माझा नवरा गाझियाबादला, साहिबाबादच्या औद्योगिक वसाहतीत, पेरणी यंत्राच्या चकत्या आणि बियाण्याच्या पेट्या यांचं डिझाइन करतो. म्हणजे एकाच्या शेतात जूनमध्ये जे चार दिवस चालतं, ते दुसऱ्याच्या टेबलावर बारा महिने चालू असतं. मामा दिल्लीला पूसाच्या कृषी विज्ञान मेळ्याला आले की मुक्काम आमच्याकडे, वैशालीला. इथून ब्लू लाइन थेट राजेंद्र प्लेसला सोडते, तिथून पूसा रिक्षाने जवळ. यंदा मेळा पाहून झाल्यावर ते म्हणाले, आता तुझं काय ते दाखव. मग एक अख्खी दुपार वर्कशॉपमध्ये गेली आणि वाद रात्री जेवणाच्या ताटावरही चालू राहिला. मी गणित शिकवते; दोघांच्या मध्ये हिशेब मांडण्यापुरती मी होते. मत मात्र मलाही आहे, ते जिथे आवरलं नाही तिथे लिहिलं आहे.

वर्कशॉपमध्ये एक लांब रबरी पट्टा आहे. त्यावर ग्रीस फासतात. वर यंत्राचं एकच युनिट घट्ट बांधलेलं असतं: पेटी, तिच्या तळाशी तिरकी चकती, चकतीच्या कडेला खाचा, खाली नळी. इथे यंत्र जागेवर राहतं आणि शेत सरकतं. चकती फिरली की एकेका खाचेत एकेक दाणा बसून वर येतो, ब्रश जादाचा दाणा झटकून टाकतो, आणि उरलेला नळीतून पट्ट्यावर पडून ग्रीसमध्ये जागच्या जागी रुततो. मग पट्टा थांबवून मोजपट्टी लावायची. त्या दिवशी मका होता, २० सेंटिमीटरची मांडणी. मामा चष्मा कपाळावर सरकवून पट्ट्यावर वाकले आणि आकडे मोठ्याने वाचू लागले. १९, २१, २०, १८, मग एकदम ४१, आणि थोडं पुढे ३.

भाचा : ४१ म्हणजे एक खाच रिकामी गेली. ३ म्हणजे एकीत दोन दाणे अडकले.

मामा : ते दिसतंय. पण किती चुकलं म्हणजे चुकलं, हे कोण ठरवतं?

भाचा : त्याला आंतरराष्ट्रीय मानक आहे, ७२५६ नंबरचं, १९८४ सालचं. ठरवलेल्या अंतराच्या दीडपटीच्या वर गेलं की तुटाळ. निम्म्याच्या खाली आलं की जोड. मधलं सगळं चालतं. १९९५ साली काचमन आणि स्मिथ या दोघांनी यावर एक चांगला लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, नुसत्या सरासरीवर जाऊ नका. आता हेच बघा, ४१ आणि ३ यांची सरासरी २२. कागदावर झकास! शेतात मात्र एका ठिकाणी भगदाड आणि दुसऱ्या ठिकाणी दोन रोपांची मारामारी.

मामा : म्हणजे २० ला १० ते ३० पास?

भाचा : पास.

मामा : मग माझी तिफणही पास की रे.

हा टोला नवऱ्याला लागला, कारण तो लगेच वहीकडे वळला. तिफणीत अंतर नसतंच, धार असते, असं त्याचं म्हणणं. चाड्यात मुठीतून दाणे सोडायचे, ते तीन नळ्यांत वाटले जातात आणि तीन फणांमागे पडतात. कुठे चार दाणे एका ठिकाणी, कुठे वीतभर काहीच नाही. मामांनी ते नाकारलं नाही. पण चाड्यावर त्यांच्या घरी मामी असायच्या, आणि मामींच्या मुठीबद्दल ते असं ऐकून घेणार नव्हते.

मामा : तुझ्या मामीच्या हाताला जमिनीचा अंदाज होता. उतारावर बैल पळायला लागले की मूठ सैल व्हायची, चढावर आवळायची. बांधाजवळ कडेला थोडं जास्त टाकायची, कारण तिथे पाखरं आणि वाणीकिडे दाणे खाऊन जातात. तुझ्या चकतीला बांध कुठे आहे ते कळतं का?

भाचा : नाही कळत. पण मामीला किती चालावं लागायचं ते तुम्हाला कळतं का?

इथे हिशेब मी केला. तिफणीच्या दोन ओळींत दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर. तीन ओळींची रुंदी १.३५ मीटर. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. भागून पाहा, एकराला जवळपास बरोबर तीन किलोमीटर. दिवसाला चार-पाच एकर पेरलं तर मामी बारा ते पंधरा किलोमीटर चालत होत्या. नांगरून पाळी दिलेल्या भुसभुशीत रानात, बैलांच्या चालीने, एक हात सतत चाड्यावर. आणि त्या हातातून काय सुटत होतं? बैल ताशी दोन किलोमीटरने चालले आणि ओळीत पाच सेंटिमीटरवर दाणा हवा असेल, तर एका ओळीत सेकंदाला अकरा दाणे. तीन ओळींचे तेहतीस. वर्कशॉपमधल्या त्या खाचांच्या चकतीला सेकंदाला तेहतीस दाणे एकेक करून सोडायला सांगा, ती मान टाकेल. मामी ते अंदाजाने करत होत्या, पंधरा किलोमीटर. त्या कौशल्याला मी नमस्कार करते. पण ते पुन्हा आणा म्हणणाऱ्याने आधी स्वतः चाड्यावर मूठ धरावी.

तिफणीची बाजू घेताना मामांनी इतिहासही काढला आणि तो खरा आहे. इंग्लंडात जेथ्रो टलने १७०१ मध्ये ओळीत पेरणारं यंत्र केलं म्हणून त्याचं नाव पुस्तकांत असतं. पण १७९० च्या दशकात हॅलकट नावाच्या एका इंग्रज कॅप्टनला आंध्राच्या बाजूला शेतकरी ओळीत पेरणारी पाभर सर्रास वापरताना दिसली. त्याने तसं इंग्लंडच्या शेती मंडळाला कळवलं. हे युरोपातलं नवं साधन आहे अशी त्याची तोवर समजूत होती. ते जुने कागद धरमपाल यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात छापले आहेत. भाच्याने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ‘मामा, पाभर आपली होती हे कबूल. पण दोनशे वर्षांत आपण तिला काय जोडलं? पीव्हीसीच्या नळ्या.’

मामा : बरं, तुझ्या चकतीवर ये. मका ठीक आहे. मी सोयाबीनवाला. मला काय देतोस?

भाचा : बियाणं वाचवून देतो. ऐका. ४५ बाय ५ सेंटिमीटर म्हणजे हेक्टरी सुमारे चार लाख चव्वेचाळीस हजार जागा. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर इतके दाणे भरतात ५३ किलो. तुम्ही टाकता किती?

मामा : एकरी तीस किलो. एक बॅग. म्हणजे हेक्टरी पंचाहत्तर.

भाचा : मग वरचे बावीस किलो कशासाठी?

मामा : न उगवणाऱ्यांसाठी. तू ५३ किलो धरलेस ते सगळे दाणे उगवतील म्हणून. शंभरातले पंचाहत्तर उगवतात. आता भाग बरं.

भागलं. ५३ ला पाऊणने, म्हणजे ०.७५ ने, भागलं की ७१ येतात. एकरी तीस किलोची शिफारस आकाशातून पडलेली नाही, ती अशी येते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला नियमाने किमान ७० टक्के उगवणक्षमता लागते. संकरित मक्याला ९० टक्के. या दोन आकड्यांतच दोघांच्या भांडणाचा अर्धा निकाल आहे, आणि तो त्यांच्याआधी माझ्या लक्षात आला याचा मला थोडा आनंद झाला. समजा चकती बिनचूक आहे, प्रत्येक दाणा बरोबर पाच सेंटिमीटरवर. चारातला एक उगवत नाही. मग कुठल्याही रोपाच्या पुढचं रोप दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब असण्याची शक्यता चारात एक. त्याच ७२५६ नंबरच्या मानकाने, दीडपटीच्या नियमाने, शंभरात पंचवीस तुटाळ! ग्रीसच्या पट्ट्यावर पैकीच्या पैकी गुण मिळवणारं यंत्र सोयाबीनच्या रानात पंचाहत्तर गुणांवर येतं, आणि त्यात यंत्राचा दोष काहीच नसतो. यंत्रवाला दाण्यातलं अंतर मोजतो, शेतकरी रोपातलं. दोघे आपापलं बरोबर मोजतात आणि एकमेकांना खोटं ठरवतात.

भाचा : म्हणून तर म्हणतो, बियाणं किलोवर विकत घेऊ नका, दाण्यावर घ्या. बारीक दाणा असेल तर ७५ किलोत साडेसात लाख दाणे येतात, टपोरा असेल तर पावणेसहा लाख. तुम्ही दोन्ही वेळा एकच बॅग ओतता.

मामा : हे मात्र खरं आहे. आमच्याकडे गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघतात, शंभर दाण्यांचं वजन कोणी करत नाही. सोनाराकडे न्यावे लागतील.

भाचा : थोडक्या पैशांत वजनकाटा मिळतो.

मामा : पण मला एक सांग. समजा तू अंतर अगदी एकसारखं दिलंस. उतारा किती वाढेल?

नवरा जरा थांबला. उत्तर त्याला माहीत होतं, आणि ते त्याच्या धंद्याच्या फार सोयीचं नव्हतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनला लॉअर आणि रँकिन यांनी मक्यातल्या रोपांचं अंतर मुद्दाम वेडंवाकडं करून पाहिलं. २००४ साली त्यांनी लिहिलं की अंतरातली तफावत बरीच मोठी, प्रमाण विचलनाच्या भाषेत १२ सेंटिमीटरच्या पुढे गेल्याशिवाय उत्पन्नावर परिणाम दिसला नाही. त्याच वर्षी कॅनडातल्या ओंटारियोमधून लिऊ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्याचा सूरही तोच: अंतर चुकलं तर मका सांभाळून घेतो, पण शेजारची रोपं मागेपुढे उगवली तर सांभाळत नाही. उशिरा आलेलं रोप सावलीत सापडतं आणि शेवटपर्यंत पोटभर जेवत नाही. मक्याची ही कथा, तर सोयाबीन त्याहून सोशिक. मोकळी जागा दिसली की ते फांद्या काढतं.

मामा : बघ! अंतरापेक्षा एकदम उगवण महत्त्वाची. हे मी तुला दहा वर्षांपासून सांगतोय, तुला कॅनडातून ऐकायचं होतं.

भाचा : पण एकदम उगवण कशाने होते? सगळे दाणे एकाच खोलीवर पडले तर. ती खोली तिफणीने मिळते का? बैल थकला, फण वर आला, दाणा दोन सेंटिमीटरवर. पुढे दाबून धरलं, सहावर. सोयाबीनला तीन ते पाच सेंटिमीटरच्या आतच पाहिजे. माझ्या यंत्राला खोलीचं चाक आहे, मागे दाबाचं चाक आहे.

मामा : आहे ना. म्हणूनच मी तुझ्या यंत्राच्या विरोधात नाही. तू पट्ट्यावर अंतर मोजतोस आणि जाहिरातीत अंतर छापतोस. चाक मात्र फोटोत मागे, अर्धं कापलेलं.

माझ्या मते दुपारचं सगळ्यात मोलाचं बोलणं हे होतं. खोली दाखवता येत नाही. पट्ट्यावरचे दाणे दिसतात, मातीखालचे दिसत नाहीत, म्हणून प्रात्यक्षिकातही सगळे अंतरालाच टाळ्या देतात. पूसाच्या मेळ्यात मी स्वतः पाहिलं, लोक चकतीच्या खाचांवरून बोट फिरवत होते. खोलीच्या चाकाजवळ कोणी उभंही नव्हतं.

मग मातीचा विषय निघाला, आणि इथे मामा आवाज चढवून बोलले. गाझियाबादची जमीन गंगा-यमुनेच्या दुआबातली. हिंडन नदीच्या काठाने मुरादनगरकडे गेलं की हलकी, पोयट्याची, हाताने चुरता येणारी माती लागते. यंत्राची शेतातली चाचणी तिथे होते, गव्हाचं रान मोकळं झालं की. मामांची जमीन काळी, कसदार, पावसात पायाला किलोभर चिकटणारी.

मामा : तुझी चकती कशावर फिरते?

भाचा : जमिनीवरच्या चाकावर. चाक फिरेल तशी चकती फिरते, साखळीने.

मामा : आमच्या रानात वापसा यायची वाट बघायला वेळ मिळतोच असं नाही. ओलीत चाकाला चिखल बसतो. मग?

मग पुन्हा कागद. चाकाचा घेर दीड मीटर धरला, एका फेऱ्यात तीस खाचा, म्हणजे पाच सेंटिमीटरला एक दाणा. चाकाला सगळीकडून दोन सेंटिमीटर चिखल बसला तर घेर साडेबारा सेंटिमीटरने वाढतो. शिवाय ओलीत चाक दहा टक्के घसरलं, म्हणजे जितकं फिरायला हवं त्यापेक्षा कमी फिरलं. दोन्ही मिळून पाचाचे सहा सेंटिमीटर होतात. दाणे सहाव्या हिश्शाने कमी पडतात, आणि ते यंत्राकडे बघून कळत नाही, कारण यंत्र छान चाललेलं असतं. अंतर एकसारखंच पडतं. फक्त ठरवलेलं नसतं.

भाचा : त्याला उपाय आहेत. चाकाला दाते लावायचे, चिखल खरवडणारी पट्टी लावायची. परदेशात तर आता चकतीला वेगळी विजेची मोटर असते, ट्रॅक्टरचा वेग उपग्रहावरून किंवा रडारवरून कळतो, चाकाचा संबंधच नाही. काही यंत्रांत खाचेऐवजी भोक असतं, पंख्याने हवा ओढून दाणा भोकाला चिकटवतात. त्याने दाणा फुटतही नाही.

मामा : किंमत?

भाचा : तुमच्या पाच एकराला नाही परवडणार.

मामा : मग ते मला कशाला सांगतोस? खरवडपट्टी दे. आणि दाणा फुटायचं काढलंसच तर ऐक. सोयाबीनची साल कागदासारखी. मळणीत मार खाल्लेलं बियाणं तुझ्या ब्रशखाली आलं की डाळ होते. त्यात आम्ही जूनमध्ये जिवाणू खत लावतो, ते ओलं असतं. सावलीत नीट सुकवलं नाही की दाणे एकमेकांना चिकटतात, खाचेत बसत नाहीत. मग ड्रायव्हर काय करतो? पेटीवर काठी आपटतो.

भाचा : सुकवा. सुकल्यावर थोडी टाल्कम किंवा ग्रॅफाइटची पूड मिसळा.

मामा : पाऊस येतोय, दोन ट्रॉल्या रांगेत आहेत, आणि मी बियाण्याला पावडर लावत बसू?

ड्रायव्हरचा विषय निघाला तेव्हा मला वाटलं आता थट्टा होईल. तसं झालं नाही. औसा तालुक्यात बैल किती उरलेत हे विचारायचीही गरज नाही. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर होते, आणि भाडं एकरावर ठरतं. मृगाचा पाऊस पडून गेला, गावातल्या तीनशे घरांना एकाच आठवड्यात पेरायचं आहे, ट्रॅक्टर मोजून पंधरा-वीस. ड्रायव्हरला सावकाश चालवण्यात काय मिळणार? तो वेगाने चालवतो. ताशी पाच किलोमीटरला सोयाबीनचे एका ओळीत सेकंदाला अठ्ठावीस दाणे पडायला हवेत. आठ किलोमीटरला चव्वेचाळीस. त्या वेगाला खाच भरायच्या आधीच पुढे निघून जाते, आणि जो दाणा पडतो तो नळीच्या भिंतींवर आपटत येऊन तासात उडी मारतो. ग्रीसच्या पट्ट्यावर उडी दिसत नाही. ग्रीस दाणा धरून ठेवतं.

भाचा : आम्ही सेन्सर देतो आहोत. नळीत दाणा मोजणारा डोळा. दाणे कमी पडले की भोंगा वाजतो.

मामा : तो वायर काढून टाकेल.

भाचा : का काढेल?

मामा : भोंगा वाजतो म्हणून.

यावर दोघेही हसले, पण मला वाटतं नवऱ्याने तेवढं मनावर घेतलं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मामांनी यंत्राच्या बाजूने सांगितली, आणि ती अंतराची नव्हती. त्यांच्या गटाकडे रुंद वरंबा-सरी पाडणारं बीबीएफ यंत्र आहे, सरकारी अनुदानातलं. ही पद्धत हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटने काळ्या जमिनीसाठी सत्तरच्या दशकात बसवली: गादीवाफ्यावर ओळी, दोन्ही बाजूंना सरी, जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, कमी पाऊस झाला तर सरीतच मुरतं. २०२१ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात सपाट पेरलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं, मामांचं वरंब्यावरचं तरलं. बियाणंही एकरी तीसवरून बावीस किलोच्या आसपास आलं. ‘पण ते काय तुझ्या चकतीने वाचलं नाही,’ मामा म्हणाले, ‘ते सरीने वाचलं.’ भाच्याचं म्हणणं, सरी आणि चकती एकाच यंत्रावर आहेत, श्रेय वाटून घेऊ. हा व्यवहार मला पटला.

टोकणीचं चाकही निघालं बोलण्यात. एका चाकाच्या घेरावर चोची, चाक ढकलत नेलं की चोच मातीत शिरते, उघडते, एक-दोन दाणे टाकते आणि मिटून वर येते. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात ते खूप दिसतं. फुले संगमसारखं फांद्या फोडणारं वाण घेऊन वरंब्यावर टोकलं तर बियाणं निम्म्याच्या आसपास लागतं, आणि इथे दाण्याला उडी मारायला वावच नाही, कारण चोच त्याला मातीतच सोडते. अभियंत्याला अंतराचा जो ध्यास आहे तो या साध्या चाकाने स्वस्तात पुरा केला. पण एकराला तीन किलोमीटरचा हिशेब इथेही सुटत नाही. उलट वाढतो, कारण चाक एका वेळी एकच ओळ पेरतं. तीन नळ्यांऐवजी एक, म्हणजे एकराला नऊ किलोमीटर. मामांची सून ते ढकलते. मामींपेक्षा तिला सोपं जातं, कारण वाकावं लागत नाही, असं मामा म्हणाले. मी विचारलं, ती काय म्हणते? ते म्हणाले, तिला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा मामांना मोदीनगरच्या रस्त्याला ऊस बघायला घेऊन गेला. लखनौच्या ऊस संशोधन संस्थेच्या धर्तीचं लागण यंत्र तिथे एका शेतात चालू होतं. ट्रॅक्टरमागे दोन माणसं बसलेली, ऊस उभा धरून एकामागून एक कापणीच्या पात्यांत घालतायत. पाती कांडी कापतात आणि ती सरीत पडते. कांडीवर कांडी किती चढली किंवा मध्ये किती जागा सुटली, हे त्या दोघांच्या हातांच्या लयीवर. मामांना ते यंत्र फार आवडलं. ‘हे खरं,’ ते म्हणाले, ‘माणूस अजून आहे यात.’ भाचा म्हणाला, ‘आहे, आणि धूळ खातोय.’

रात्री जेवताना मामांनी २०२० चं काढलं. त्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या होत्या, औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. पंचनाम्याला जे अधिकारी येत होते ते बॅगेवरचं लेबल विचारत, पाऊस किती पडल्यावर पेरलं ते विचारत, किती खोल पेरलं ते विचारत. अंतर कोणी विचारलं नाही, असं मामांचं म्हणणं. भाच्याने त्यावर वाद घातला नाही. त्याने फक्त विचारलं की त्या वर्षी तुमच्याकडे ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्यावरच पेरलं होतं ना. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, शेजाऱ्याने पेरलं म्हणून आपणही पेरलं.

मग व्यवहाराचं बोलणं सुरू झालं. येत्या जूनमध्ये नवीन खरवडपट्टी आणि सुधारलेली नळी असलेलं यंत्र औशाला पाठवायचं असं ठरलं.

मामा : मोजायचं कसं?

भाचा : पेरल्यावर माती उकरून दाण्यांचं अंतर घेऊ.

मामा : नाही. पंधराव्या दिवशी रोपं मोजायची. एक मीटर लांबीची काठी ओळीवर टाकायची, रानात वीस ठिकाणी. वीस दाणे टाकलेस तर पंधरा रोपं दिसली पाहिजेत, आणि ती एका उंचीची दिसली पाहिजेत. उंचीही लिहायची.

भाचा : चालेल. पण मग माती उकरूनही मोजू, दोन्ही. रोपं कमी निघाली तर बियाण्याची चूक की यंत्राची, ते कळायला नको?

मामा : हे बरोबर बोललास. बियाणं कोण देणार?

भाचा : तुम्ही द्या. नेहमी पेरता तेच पाहिजे मला, निवडलेलं नको.

मामा : आणि चालवणार कोण?

भाचा : तुमच्याच गावचा तो भाड्याचा ट्रॅक्टरवाला. त्यालाच बसवू.

मामा : बसवू. पण त्याला पैसे एकरावर नाही, तासावर द्यायचे. आणि ते तू द्यायचे.

नवऱ्याने मोबाइल काढला आणि डिझेलचा भाव बघायला लागला.